चावी गेली सत्काराला

मीराबाई ओव्हाळ गायला उभ्या राहिल्या की समोर फक्त बाबुराव असत. बाबुराव म्हणजे त्यांचे मिस्टर. ते पहिल्या रांगेत मधोमध बसत आणि गाणं संपलं की अशा काही टाळ्या वाजवत, की मागे हॉल भरलाय असं वाटावं. मागे नुसत्या खुर्च्या असत.

यात मीराबाईंच्या गळ्याचा काही दोष नव्हता, दोष होता नंबराचा. डोंबिवलीत रविवारी संध्याकाळी रिकामा माणूस सापडणं कठीण. कोणी बासरी शिकतं, कोणी मोडी लिपी, कोणी साठीनंतर भरतनाट्यम्. आणि ज्यांना यातलं काहीच जमत नाही ते सगळे कराओके गातात. गाण्यातला मूळ गायक काढून टाकायचा, मागचं संगीत तेवढं ठेवायचं आणि पडद्यावर सरकणारे शब्द वाचत त्याच्या जागी आपण गायचं, असा हा प्रकार. ‘गुंजन कराओके परिवार’ दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी मानपाडा रोडवरच्या एका योगवर्गाच्या हॉलमध्ये जमत असे. नावात परिवार होता आणि वागणंही परिवारासारखंच होतं, म्हणजे कोणी कोणाचं ऐकत नसे. आपला नंबर यायच्या थोडं आधी यायचं, गायचं, घरच्यांकडून व्हिडिओ काढून घ्यायचा, मग पाणी पिण्याच्या निमित्ताने उठायचं आणि ते पाणी घरी जाऊन प्यायचं. नंबर लागत सभासदत्वाच्या क्रमाने. मीराबाई सगळ्यांत नव्या, त्यांच्यानंतर कोणी सभासद झालंच नाही, त्यामुळे वर्षभर शेवटचा नंबर त्यांचाच होता.

संस्थापक रवींद्र सामंत पहिले गात. निवेदक तेच असल्यामुळे त्यांना निघून जाता येत नसे, पण आपलं गाणं झालं की ते जिन्यात जाऊन स्वतःचा व्हिडिओ नातेवाइकांना पाठवत बसत. प्रत्येकाला वेगळा निरोप लिहायचा म्हणजे वेळ लागतोच.

या खेपेला मात्र गोष्ट वेगळी होती. ठाण्याच्या मोठ्या नाट्यगृहात सगळ्या कराओके क्लबांचा मिळून एक कार्यक्रम ठरला होता आणि प्रत्येक क्लबातून एकच गायक जाणार होता. गुंजनची पद्धत अशी, की शेवटचं गाणं झालं की हात वर करून निवड करायची. मागच्या वर्षी अशाच एका निवडीच्या वेळी हॉलमध्ये सामंत, साउंडवाला बंटी आणि ओव्हाळ जोडपं एवढेच उरले होते. सामंतांची बहुमताने निवड झाली. दुसरं कोणी समोर नसल्यामुळे मीराबाईंनीही त्यांनाच हात वर केला होता.

“यंदा तरी माझं नाव कोणी घेईल का हो?” रविवारी दुपारी निळी साडी नेसताना मीराबाईंनी विचारलं.

“का नाही घेणार?”

“ऐकलंय कोणी? निवड नाय झाली तर नाय झाली. पण ऐकून नको म्हणू दे ना. न ऐकताच नको म्हणतात, त्याचं वाईट वाटतं.”

“मी ऐकतो की!”

“तुम्ही लग्नापासून ऐकताय. तुमचं मत धरत नाहीत,” मीराबाई म्हणाल्या.

बाबुरावांनी सदऱ्याला इस्त्री केली आणि टाळ्या वाजवायला तयार झाले.

योगवर्गाच्या हॉलमध्ये जमिनीवर मऊ निळ्या चटया चिकटवलेल्या होत्या, त्यामुळे चपला बाहेर काढाव्या लागत. गेल्या महिन्यात तिथून कोणाचे तरी नवे कोरे सँडल चालते झाले होते आणि त्यावरून ग्रुपवर आठवडाभर जुंपली होती. सामंत शिस्तीचे. त्यांनी या वेळी जिन्याजवळची छोटी खोली चपलांसाठी उघडून घेतली, सगळ्यांच्या चपला आत रचून घेतल्या आणि बाहेरून योगवर्गाचं भलंमोठं पितळी कुलूप घातलं. चावी खिशात टाकायला हात खाली नेला आणि त्यांच्या लक्षात आलं, की नव्या रेशमी झब्ब्याला खिसाच नाही.

आता चावी कुठे ठेवावी? सतत डोळ्यांसमोर राहील अशी एकच जागा त्यांना दिसली. टेबलावर सत्काराचं तबक होतं. त्यात शाल, नारळ आणि गुलाबाचं फूल. सामंतांनी चावी शालीच्या घडीवर ठेवली आणि ते निर्धास्त झाले.

प्रमुख पाहुणे संदेश भोईर वेळेवर, म्हणजे तासभर उशिरा आले. बांधकाम साहित्याचा त्यांचा मोठा व्यवसाय होता आणि डोंबिवलीत त्यांच्याशिवाय फीत कापली जात नसे. पाहुण्यांना चपला काढून खोलीत ठेवा असं कोण सांगणार? त्यांचे बूट दाराशीच, त्यांच्या ड्रायव्हरच्या पायाशी राहिले. निवेदन सामंतांचं, सत्कारही सामंतांच्याच हस्ते. एका हातात माइक आणि दुसऱ्या हातात शाल अशी त्यांची तारांबळ उडाली, आणि शाल उचलताना चावी तबकात घसरली ते त्यांना दिसलंच नाही. शाल एका क्षणासाठी भोईरांच्या खांद्यावर टेकली, फोटो निघाला, आणि भोईरांच्या माणसाने सराईतपणे शाल, नारळ आणि तबकातलं उरलंसुरलं सगळं एका कापडी पिशवीत ओतून पिशवी उचलली.

“मी काय गानारा मानूस नाय,” भोईर म्हणाले. “पन तुमी गाता, बरा वाटतो. मना आता पुढं मानपाड्याला जाचाय, माफी करा.”

एवढं बोलून ते गेले. सामंत गायले. मग दुसरा नंबर प्रीतमचा. हा तरुण चार क्लबांचा सभासद होता आणि चारही ठिकाणी एकच पावसाचं गाणं गात असे. आजही त्याने ते उरकलं, टाळ्यांची वाट न बघता जिना गाठला आणि तिथून ओरडला, “सामंतकाका, चावी द्या ना जरा! कल्याणला प्रोग्रॅम आहे माझा.”

“देतो देतो,” म्हणत सामंत टेबलाजवळ गेले. तबक लख्ख होतं. त्यात गुलाबाची एक पाकळी होती.

सामंतांनी टेबलाखाली पाहिलं, चटई चिकटवलेली असूनही उचलून पाहिली, आणि मग त्यांचा चेहरा हळूहळू उतरला. त्यांनी भोईरांना फोन लावला.

“पिशवी?” पलीकडून भोईर म्हणाले. “ती त दिली मी. इकडं पोरांच्या चित्रकलेचा बक्षीस समारंभ हाय. परीक्षकाला शाल कमी परली. आयोजक बोलला, दादा, गारीत हाय का एखादी? गारीत काय, कवापन असते.”

“पण ती तुमच्या सत्काराची शाल होती!”

“त काय झाला? मना एवऱ्या शाली मिलतान, घरान ठेवाला जागा नाय. इकडची तिकडं देतो, सगल्यांचा मान राहतो.”

“त्यात आमच्या चपलांच्या खोलीची चावी आहे हो!”

“चावीचा सत्कार पैल्यांदाच बघतोय,” भोईर म्हणाले आणि त्यांनी परीक्षकांचा नंबर पाठवला. परीक्षक म्हणजे राजरत्न सर, एका शाळेतले चित्रकलेचे शिक्षक. समारंभ आटोपून ते स्कूटरवरून टिटवाळ्याला आपल्या घरी निघाले होते आणि समारंभासाठी बंद केलेला फोनचा आवाज त्यांनी अजून सुरू केला नव्हता. फोन वाजत राहिला.

दुसरी चावी हॉल सांभाळणाऱ्या नीरजाताईंकडे होती आणि नीरजाताई योगशिबिरासाठी लोणावळ्याला होत्या. “कुलूप तोडू का?” असं सामंतांनी विचारताच त्या इतक्या शांतपणे बोलल्या, की सामंत घाबरले. “तोडा ना. पुढच्या महिन्यापासून दुसरा हॉलही बघा.”

या फोनाफोनीत मधले नंबर उरकले आणि हेमांगीचाही झाला. हेमांगी गायला आली की माहेर, सासर आणि शेजार घेऊन येई. आज तर सगळी वरात इथून परस्पर कल्याणला एका लग्नाच्या रिसेप्शनला जायची होती. पैठण्या, अत्तर, गजरे, आणि खाली अनवाणी पाय. जिन्यात आता दाटी झाली.

“अनवाणीच जाऊ या की,” हेमांगीचा दीर म्हणाला.

सगळ्यांनी खिडकीतून खाली पाहिलं. रस्त्याचं काँक्रीटीकरण चालू होतं. म्हणजे रस्ता खणून ठेवला होता आणि काँक्रीट येईपर्यंत त्यात खडी टाकली होती. रिक्षा खडीच्या पलीकडे उभ्या राहत. दिराने एक पाय जिन्याबाहेर ठेवला, तोंडाने एक आवाज काढला आणि तो परत आला.

प्रीतम नव्या जमान्याचा. त्याने मोबाइलवरून दहा मिनिटांत घरपोच सामान देणाऱ्या ॲपवर स्लीपर मागवल्या. “बघा, टेन्शन नहीं लेनेका,” तो म्हणाला. स्लीपर आल्याही. दुकानात तेवढा एकच जोड शिल्लक होता, निळा, पट्ट्यावर ससा असलेला. प्रीतम त्यात पाय घालणार एवढ्यात हेमांगीचे वयस्कर काका म्हणाले, “बाळा, जरा देतोस का? बाथरूमची फरशी ओली आहे.” नाही कसं म्हणणार? काका परत आले तेव्हा आत्या उभी होती. आत्यानंतर सासरे. त्या एका जोडीवर हॉलमधली सगळी वडीलधारी मंडळी आळीपाळीने जाऊन आली आणि प्रीतम दाराशी भिंतीला टेकून आपल्या सशाची वाट पाहत राहिला.

“मंडळी,” शेवटी सामंतांनी माइक हातात घेतला, “थोडा तांत्रिक अडथळा आलेला आहे. तोवर आपण सगळे आत बसू या. गाणी ऐकू या.”

“कोणाची?” कोणीतरी मनापासून विचारलं.

“एकमेकांची,” सामंत म्हणाले, आणि हे आपण पहिल्यांदाच बोलतोय हे त्यांनाही जाणवलं असावं.

मंडळी बसली. तोंडं वाकडी करून, मोबाइल काढून, पण बसली. हेमांगीचं गाणं गर्दीत धड झालं नव्हतं म्हणून तिला पुन्हा बोलावलं. तिने पहिली ओळ घेतली आणि मागून प्रीतम ताडकन उभा राहिला.

“ओ ताई, हे माझं गाणं आहे!”

“तुझं कसं? मी वर्षभर हेच गातेय.”

“कुठे?”

“इथेच!”

“मी पण इथेच गातो!”

सामंत घसा खाकरून म्हणाले, “दोघांचंही खरं आहे. तू दुसरा असतोस, या अकराव्या असतात. तुमची गाठ कधी पडली नाही.”

हॉलमध्ये हसू फुटलं. हेमांगीच्या काकांनी, पायात ससा घालूनच, फर्मान काढलं, “मग गा दोघं मिळून!” गायले दोघं. प्रीतमला अंतरा कधी धड येत नसे, तो हेमांगीने सावरला. हेमांगी सुरुवातीला घाई करी, तिला प्रीतमने धरून ठेवलं. वर्षभरात पहिल्यांदा ते गाणं पूर्ण आणि नीट झालं. लोकांनी मोबाइल खाली ठेवले. पुढच्या गायकाला तर चक्क वन्स मोअर मिळाला. त्याला वन्स मोअरची सवयच नव्हती, तो घाबरून खाली बसला.

मागच्या रांगेत मीराबाई हे सगळं बघत होत्या. हॉल भरलेला होता. दाराला कुलूप नव्हतं तरी कोणी जाऊ शकत नव्हतं. त्यांचा नंबर येईपर्यंत हे सगळे लोक इथेच असणार होते. वर्षभर ज्याची वाट पाहिली ते असं चपलांच्या कृपेने समोर आलं होतं.

“चावी नको मिळू दे अजून,” त्या आज शेजारी बसलेल्या बाबुरावांच्या कानात म्हणाल्या आणि लगेच त्यांना स्वतःचीच लाज वाटली. “पाप लागंल का हो?”

“चपलांचं पाप नाय लागत,” बाबुराव ठामपणे म्हणाले.

तेवढ्यात सामंतांचा फोन वाजला. राजरत्न सर. सामंतांनी आवाज मोठा ठेवला, सगळे ऐकू लागले.

“तुमचे इतके मिस्ड कॉल बघून मी कल्याणला गाडी बाजूला घेतली,” सर म्हणाले. “पिशवी उघडली तर शाल, नारळ आणि चावी! मला वाटलं, परीक्षकाला फ्लॅटच दिला की काय. म्हटलं, चित्रकलेला एवढे चांगले दिवस कधी आले!”

“सर, ती आमच्या चपलांची आहे. कृपा करून परत आणाल का?”

“चपलांची?” सरांच्या आवाजातला फ्लॅट पडला. “आणतो. पत्रीपुलावर किती अडकतो त्यावर आहे.”

लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि त्यासरशी सगळ्यांना भूक लागली. कोणी जांभई दिली, कोणी रिसेप्शनचा मेनू आठवला. “झालं ना आता सगळ्यांचं?” प्रीतमने विचारलं. “आता कोण राहिलंय?”

मीराबाई उभ्या राहिल्या. “मी राहिलेय.”

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. वर्षभर बाईंना जिन्यात नमस्कार करणाऱ्या माणसांनाही आज कळलं, की या गायला येतात. बाबुराव पहिल्या रांगेत मधोमध आपल्या नेहमीच्या जागी जाऊन बसले. मीराबाई पदर सावरत पुढे गेल्या आणि थांबल्या. समोर माइक नव्हता. पडदाही नव्हता. स्पीकरच्या जागी चटईवर दोन चौकोनी वळ उमटलेले होते.

“बंटी, सामान कुठे आहे?” सामंतांनी विचारलं.

बंटीने जीभ चावली. “गेलं. कल्याणच्या प्रोग्रॅमला पण मीच आहे ना. आत्ता सगळे फोन ऐकत होते ना, तेव्हा टेम्पोवाला नेहमीच्या टायमाला मागच्या जिन्याने आला आणि घेऊन गेला. लॅपटॉपपण गेला.”

“पण अजून एक गाणं बाकी होतं!”

“काका, मीराताईंच्या टायमाला सामान गेलेलंच असतं. त्या नेहमी माझ्या छोट्या ब्लूटूथच्या डब्यावर गातात. आज तो डबापण चुकून टेम्पोत गेला.”

“नेहमी?” सामंतांनी विचारलं.

“वर्षभर,” बंटी म्हणाला. “तुम्ही जिन्यात असता ना.”

सामंतांनी झब्ब्याला नसलेल्या खिशात हात घालायचा प्रयत्न केला.

महिनाभर मीराबाईंनी एक नाजूक गाणं घोटलं होतं. कराओके म्हणजे मागचं संगीत आलं की पुढचं पाऊल टाकायचं. संगीत नाही, पडद्यावर शब्द नाहीत, मग सुरुवात तरी कुठून करणार? आणि सगळ्या दिवसांतून हे आज व्हावं! लोक असताना आवाज नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या परत फिरल्या.

पहिल्या रांगेतून बाबुराव उठले. “मीरा, ट्रॅक गेला तर जाऊ दे. तू ट्रॅकच्या आधीची आहेस. दादांचं गाणं म्हण.”

“इथं?”

“इथंच. मैदानावर म्हणायचीस, हा तर हॉल आहे.”

दादा म्हणजे मीराबाईंचे वडील. त्यांची गायन पार्टी होती. जयंतीला गावोगाव ती पार्टी उभी राही, गाणी दादांनी स्वतः रचलेली, आणि कोरसात परकरातली मीरा. लाउडस्पीकर मध्येच बंद पडला की दादा मीराला पुढे ढकलत, कारण तिचा आवाज मैदानाच्या शेवटच्या माणसापर्यंत जाई. गुंजनमध्ये आल्यावर पहिल्याच दिवशी सामंतांनी सांगितलं होतं, “ताई, आवाज थोडा कोमल ठेवा, माइक फाटतो.” तेव्हापासून मीराबाई वर्षभर कोमल गात होत्या. आता फाटायला माइकच नव्हता.

त्यांनी डोळे मिटले, पदर खोचला आणि आवाज सोडला.

“घे गं पाटी, चल गं लेकी, शाळेच्या या वाटेला,
तुझ्या मागनं यील उजेड डोंगराच्या घाटाला!”

हॉलमधली जांभई जागच्या जागी थांबली. हेमांगीच्या काकांनी कानाचं यंत्र काढून हातात घेतलं, आज त्यांना त्याची गरज नव्हती. खाली खडीपलीकडे उभ्या असलेल्या रिक्षावाल्यांनी वर पाहिलं. बाबुरावांनी रिकामी प्लास्टिकची खुर्ची उलटी करून मांडीवर घेतली आणि तिच्यावर ठेका धरला. ठेका असा पक्का, की प्रीतमच्या मानेला आपोआप हेलकावे बसू लागले.

“पायी नसू दे वहाण तुझ्या, भिऊ नको तू काट्याला,
घे गं पाटी, चल गं लेकी, शाळेच्या या वाटेला!”

वहाण हा शब्द आला आणि सगळ्यांनी आपापल्या पायांकडे पाहिलं. पहिल्यांदा हेमांगी हसली, मग सगळा हॉल हसला, आणि हसता हसता टाळी ठेक्यावर कधी पडू लागली ते कोणालाच कळलं नाही. पैठण्या डोलत होत्या. हेमांगीची आत्या डोळे पुसत होती. तिची शाळा चौथीत सुटली होती आणि ते तिने आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, ते तिने शेजारी बसलेल्या बंटीला सांगून टाकलं. बंटीने तिला पाणी आणून दिलं.

दादांची गाणी लांबलचक असत, आणि आज प्रत्येक कडव्याला वन्स मोअर मिळत होता. तिसऱ्या कडव्याला दारात एक घामाघूम गृहस्थ उभे राहिले. हातात कापडी पिशवी, बोटात चावी. “नमस्कार, मी राजरत्न. चावी आणलीय.”

कोणी वळूनही पाहिलं नाही.

“चावी!” सर जरा मोठ्याने म्हणाले.

“शूऽऽ!” सगळा हॉल एकदम म्हणाला. कल्याणचा कार्यक्रम बुडालेला प्रीतम तर तोंडावर बोट ठेवून म्हणाला, “ओ सर, चप्पल बाहेर काढा आणि बसा ना खाली! गाणं चालू आहे, दिसत नाही का?” राजरत्न सरांनी निमूटपणे चपला काढल्या आणि चावी हातात घट्ट धरून ते भिंतीशी बसले. थोड्या वेळाने तेही टाळी वाजवू लागले. चावीमुळे त्यांची टाळी नीट वाजेना, म्हणून त्यांनी ती खाली चटईवर ठेवली.

गाणं संपलं. मग ज्या टाळ्या झाल्या त्यांत बाबुरावांची टाळी ऐकूच आली नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी टाळी वाजवलीच नाही. ते खुर्ची मांडीवर घेऊन नुसते बायकोकडे बघत राहिले. मीराबाईंनी डोळे उघडले तेव्हा समोर माणसंच माणसं होती आणि सगळी त्यांच्याकडेच बघत होती. त्यांना इतका आनंद झाला, की तो चेहऱ्यावर कुठे ठेवावा ते त्यांना कळेना.

सामंत पुढे आले. रिवाजाप्रमाणे निवड करायची होती. “ठाण्याच्या कार्यक्रमासाठी,” ते म्हणाले, “दोन नावं आहेत. पहिलं नाव, मी स्वतः.”

हॉलमध्ये एकही हात वर झाला नाही. सामंतांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. तोही वर नव्हता. गेला पाऊण तास तो टाळ्या वाजवण्यात गुंतला होता आणि आता मालकाचं ऐकायला तयार नव्हता.

“दुसरं नाव, मीराबाई ओव्हाळ.”

सगळे हात वर गेले. हेमांगीच्या वरातीत एकही सभासद नव्हता, त्यांचे हात सगळ्यांत उंच होते. राजरत्न सर तर डोंबिवलीचेही नव्हते, त्यांनी दोन्ही हात वर केले. “सभासदांनीच करायचे आहेत,” असं सामंत म्हणाले खरे, पण ते कोणाला ऐकू गेलं नाही आणि त्यांनी पुन्हा सांगितलंही नाही. त्यांनी मीराबाईंना वाकून नमस्कार केला. “ताई, वर्षभर मी तुम्हाला आवाज कमी करायला सांगत होतो. माझं चुकलं. जिन्यात उभा राहून मी फार काही घालवलं.”

“आता नका जाऊ जिन्यात,” मीराबाई म्हणाल्या.

खोली उघडली. चपलांचा ढीग समोर आला. पण घाई कोणालाच नव्हती. लोक हॉलमध्येच घोळका करून मीराबाईंभोवती उभे होते. कोणी चौथं कडवं विचारत होतं, कोणी नंबर घेत होतं, हेमांगी त्यांना सरळ रिसेप्शनला घेऊन चालली होती. बाबुराव एका बाजूला खुर्ची सरळ करून ठेवत होते, आणि तिच्यावरून हात फिरवत होते.

सामंतांनी तिथूनच, जिन्यात न जाता, ठाण्याच्या आयोजकांना फोन लावला आणि नाव कळवलं.

“छान,” पलीकडून आवाज आला. “त्यांचा ट्रॅक मेल करा. सगळ्यांचे आलेत.”

“ट्रॅक नाही.”

“मग माइक कुठला लागेल?”

“माइक नको. तुमचाच फाटेल.”

“अहो सामंत, ट्रॅक नाही, माइक नाही, मग साथीला वाद्य तरी काय असणार आहे?”

सामंतांनी बाबुरावांकडे पाहिलं.

“प्लास्टिकची खुर्ची,” ते अभिमानाने म्हणाले. “तुम्ही काळजी करू नका, खुर्ची आम्ही आमची घेऊन येऊ. तिचा सूर लागलेला आहे.”